मेट्रो येते, इमारती उंच होतात. तळमजल्यावरची दुकानं कुठे जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या शहरातल्या जुन्या वस्तीत भुयारी मेट्रोचं स्टेशन होणार आहे. स्टेशनाभोवतीच्या तीन-चार मजली इमारती पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहतील. आराखड्यात 'तळमजल्यावर दुकानं' असं लिहिलेलं आहे. प्रश्नकर्त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. स्टेशनामुळे सध्याच्या दुकानदारांचा धंदा वाढेल का? इतरत्र झालेल्या अशा पुनर्विकासात नव्या इमारतींचे गाळे वर्षानुवर्षं रिकामे का दिसतात? आणि हरकती-सूचनांची सुनावणी तोंडावर आली आहे, तर तिथे नेमकं काय मागायचं?

रस्त्यालगतच्या व्यापाराचं नियोजन हे माझं रोजचं काम आहे, म्हणून पहिलं उत्तर आडपडदा न ठेवता देते. गिऱ्हाईक वाढेल. पण ते आजच्या दुकानदाराला मिळेल याची काहीही हमी नाही. स्टेशनामुळे जी वर्दळ वाढते तिची किंमत जागेच्या भाड्यात लगेच चढते, आणि ते भाडं घेणारा दुकानदार नसून जागेचा मालक असतो. दुकान टिकणार की नाही, हे मेट्रो सुरू झाल्यावर ठरत नाही. बॅरिकेड लागण्याआधी तीन गोष्टी कागदावर आल्या आहेत का, त्यावर ते ठरतं: मधली वर्षं कशी काढायची, नवा गाळा कसा असेल आणि भाडं कशाच्या आधारे ठरेल.

आधी मधली वर्षं, कारण बहुतेक दुकानं तिथेच संपतात.

लोकांना सांगितलं जातं की मेट्रो भुयारी आहे, तेव्हा वर काही त्रास होणार नाही. दोन स्टेशनांमधला बोगदा यंत्राने खणला तर ते बऱ्याच अंशी खरं असतं. स्टेशन मात्र बहुतेक ठिकाणी वरूनच खणावं लागतं. त्याच्याही आधी जलवाहिन्या, मलवाहिन्या, गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा हलवाव्या लागतात. जुन्या वस्तीत त्यांचे नकाशे अर्धवट असतात, त्यामुळे रस्ता एकदा खोदला, बुजवला, पुन्हा खोदला, असं चालतं. दुकानदाराच्या दृष्टीने काम सुरू होतं ते या पहिल्या खड्ड्यापासून. सरकारी कागदावरची 'कामाला प्रारंभ' ही तारीख त्यानंतर कधीतरी येते.

व्हँकुव्हरमधल्या कॅम्बी स्ट्रीटचं उदाहरण या बाबतीत प्रत्येकाने वाचावं असं आहे. तिथल्या 'कॅनडा लाइन' या मेट्रोमार्गासाठी तो रस्ता आधी बोगदा यंत्राने पार करतील अशी व्यापाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात कॅम्बीवर रस्ता वरून खोदून पुन्हा झाकण्याची पद्धत वापरली गेली. मार्ग २००९ मध्ये सुरू झाला तोवर कितीतरी दुकानं बंद पडली होती. एक दुकानदार न्यायालयात गेली आणि २००९ मध्ये तिला सहा लाख कॅनडियन डॉलरची भरपाई मंजूर झाली. २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याने मंजूर केलेलं काम करताना जो उपद्रव टाळताच येत नाही, त्याची भरपाई मिळत नाही, असा त्यामागचा तर्क होता. म्हणजे नुकसान झाल्याचं मान्य झालं, तरी हातात काही आलं नाही. नंतर कोर्टात बघू, या विचाराने आज गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सिॲटलमध्ये वेगळं घडलं. रेनियर व्हॅलीत रेल्वे रस्त्याच्या मधोमध, जमिनीवरूनच जाणार होती आणि त्या रस्त्यावर स्थलांतरितांची छोटी दुकानं मोठ्या संख्येने होती. वस्तीने जोर लावला तेव्हा पाच कोटी डॉलरचा स्वतंत्र निधी उभा राहिला. त्यातून हलवाव्या लागणाऱ्या दुकानांना आणि कामामुळे विक्री घटलेल्या दुकानांना पैसे मिळाले. सगळी दुकानं वाचली असं नाही, पण जी वाचली त्यांना त्या पैशाचा आधार होता. लॉस एंजेलिसच्या वाहतूक संस्थेनेही पुढे असा निधी सुरू केला. सुरुवातीच्या नियमांनुसार पंचवीसपर्यंत कर्मचारी असलेल्या दुकानाला वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळू शकत. या योजनांमध्ये एक अडचण हटकून येते. नुकसान सिद्ध करायला आधीच्या वर्षांचे हिशेब लागतात, आणि ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज असते त्याच्याकडे कागद सर्वांत कमी असतात. रोखीने चालणारा धंदा, पोटभाड्याची जागा, करारच नाही, अशी दुकानं निकषांमधून बाहेर पडतात.

कामाला लागणाऱ्या मुदतीबद्दलही एक सांगते. टोरांटोत एग्लिंटन रस्त्यावरच्या मार्गाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये गाडी धावेल असं जाहीर झालं होतं आणि ती मुदत कितीतरी वर्षांनी चुकली. भरपाई ठरलेल्या तारखेला बंद होणारी नसावी. रस्ता पूर्ण मोकळा होईपर्यंत ती दर महिन्याला मिळावी, असंच मागा. वर्षाअखेर मिळणाऱ्या पैशाने या महिन्याचं भाडं भरता येत नाही.

आता नव्या गाळ्याबद्दल. यावर जरा थांबते, कारण सुनावणीत एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल तो आकडा), मजले, पार्किंग यांवर तासन्‌तास बोललं जातं आणि तळमजल्याच्या नकाशाकडे कुणी वळूनही बघत नाही.

तळमजल्याचा नकाशा समोर घ्या आणि रस्त्याकडची रेषा बोटाने धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. समजा दर्शनी बाजू साठ मीटर आहे. त्यात आधी वरच्या रहिवाशांचं प्रवेशद्वार आणि लॉबी येते. मग तळघरातल्या पार्किंगचा उतार, सहा-सात मीटर. मग वीज कंपनीला थेट रस्त्यावरून दार हवं असलेली ट्रान्सफॉर्मरची खोली. मग अग्निशमनाचे पंप, कचऱ्याची खोली, आपत्कालीन जिना. या सगळ्यातून दुकानांसाठी निम्मी लांबी उरली तरी नशीब समजायचं. 'तळमजल्यावर दुकानं' हे वाक्य अशा नकाशातही खोटं ठरत नाही, कारण क्षेत्रफळ मोजलं की ते भरतं. ते क्षेत्रफळ आत, खोलवर गेलेलं असतं. रस्त्यावर उरतात काचेची दोन-तीन मोठी तोंडं आणि बाकी जाळ्या, शटर, भिंती.

जुन्या रस्त्यावर दुकानाची रुंदी साधारण तीन ते पाच मीटर असते. साठ मीटरमध्ये चार-चार मीटरची पंधरा दुकानं बसतात. सावकाश चालणाऱ्या माणसाला दर तीन-चार सेकंदांनी एक नवं दार दिसतं. बारा मीटरचे पाच गाळे केले की तेच अंतर दहा सेकंदांचं होतं, आणि मध्ये एखादी बँक आली, जिच्या काचेवर आतून पोस्टर चिकटवलेलं असतं, तर तेवढा तुकडा लोक मान खाली घालून पार करतात. रस्त्यावर येणाऱ्याला काहीतरी दिसत राहिलं तरच तो पुढच्या दुकानापर्यंत पोचतो. दुकानं एकमेकांना गिऱ्हाईक देतात, ती अशी.

गाळा खोल आणि रुंद असला की छोट्या दुकानदाराला तो घेताच येत नाही. त्याला पंचवीस चौरस मीटर पुरतात आणि समोर दोनशेचा गाळा असतो. मागचा भाग अंधारा, पण भाडं सगळ्याचं. मधे भिंत घालून भाग पाडता येतील का? बहुतेकदा नाही. वीज, पाणी, मलवाहिनी, प्रसाधनगृह एकाच ठिकाणी दिलेलं असतं आणि खांब वरच्या सदनिकांच्या हिशेबाने पडलेले असतात. खाद्यपदार्थांचं दुकान काढायचं म्हटलं तर धूर गच्चीपर्यंत नेणारा उभा डक्ट लागतो. तो इमारत बांधतानाच सोडावा लागतो, नंतर वीस मजल्यांमधून काढता येत नाही. उंची चार-साडेचार मीटर नसेल तर पोटमाळा होत नाही, आणि माल ठेवायला पोटमाळा नसलेलं दुकान महाग पडतं. दारात दोन पायऱ्या असल्या तर म्हातारी माणसं, चाकाची खुर्ची, बाबागाडी, हातगाडीवरचा माल, सगळंच अडतं. माल उतरवायला गाडी कुठे थांबेल, याचं उत्तर नकाशात नसेल तर ती पदपथावर थांबणार, हे नक्की समजा.

या सगळ्याला नियमांची सोय करता येते. न्यूयॉर्कने २०१२ मध्ये अप्पर वेस्ट साइडच्या ॲमस्टरडॅम आणि कोलंबस ॲव्हेन्यूवर नव्या दुकानांची दर्शनी रुंदी चाळीस फुटांपर्यंत आणि बँकांची पंचवीस फुटांपर्यंत मर्यादित केली. बँकेला बंदी नाही. ती आत किंवा वरच्या मजल्यावर हवी तेवढी पसरू शकते, फक्त रस्त्याचा एवढाच तुकडा तिला मिळतो. मला हा नियम फार आवडतो. तो दुकानात काय विकायचं यात नाक खुपसत नाही, रस्त्याचा आकार तेवढा सांभाळतो.

तिसरी गोष्ट भाडं. रिकाम्या गाळ्यांचं कोडं इथेच सुटतं.

सर्वसाधारण समज अशी की गाळा रिकामा आहे म्हणजे मालकाचं नुकसान होतंय, आज ना उद्या तो भाडं खाली आणेल. घराच्या बाबतीत तसं होतं. कर्ज काढून बांधलेल्या मोठ्या इमारतीत तसं होत नाही. व्यापारी जागेचं मूल्य तिच्या भाड्यावरून काढतात. वर्षाला १०० रुपये भाडं आणि बाजारात अपेक्षित परतावा ५ टक्के असेल, तर जागेचं मूल्य २,००० धरलं जातं. भाडं ७० वर आणून करार केला की तीच जागा कागदावर १,४०० ची होते. कर्ज २,००० च्या हिशेबाने घेतलेलं असतं. बँक विचारू लागते, जादा तारण मागते. गाळा रिकामा ठेवला तर भाडं बुडतं, पण कागदावर '१०० रुपये भाडं अपेक्षित' असं लिहिता येतं. म्हणून मालक भाडं उतरवत नाही. फार तर पहिले सहा महिने माफ करतो, सजावटीला पैसे देतो, पण करारात आकडा १०० चाच ठेवतो. त्यातच कर्ज देणाऱ्याला दहा-पंधरा वर्षांचा करार आणि पत असलेला भाडेकरू हवा असतो. औषधांची साखळी, बँक, मोठी कॉफी कंपनी यांची सही त्याला चालते. चांभाराची चालत नाही, मग चांभाराने तीस वर्षांत एकदाही भाडं थकवलेलं नसलं तरी.

त्यामुळे 'बाजार आपोआप भाडं ठरवेल' असं कुणी सुनावणीत म्हणालं तर विचारा, गाळा दोन वर्षं रिकामा राहिला तर भाडं उतरेल असं कोणत्या कागदात लिहिलं आहे?

शहरांनी यावर जे उपाय केले त्यात मला सर्वांत पक्का वाटतो तो पॅरिसचा. २००४ पासून तिथे महापालिकेच्या एका कंपनीने, जिथे दुकानं बंद पडत होती किंवा एकाच प्रकारचा घाऊक व्यापार सगळा रस्ता गिळत होता, तिथले गाळे विकत घ्यायला सुरुवात केली. गाळा दुरुस्त करायचा, परवडणाऱ्या भाड्याने गरजेचं दुकान आणायचं, जम बसला की पुढे तो विकायचा. लॅटिन क्वार्टरमधली पुस्तकांची दुकानं टिकवण्यासाठीही हा मार्ग वापरला गेला. याच्या जोडीला २००६ च्या आराखड्यात काही रस्ते असे ठरवले गेले की तळमजल्यावरच्या दुकानाचं ऑफिस किंवा घर करता येणार नाही. मुळात फ्रान्सचा व्यापारी भाडेकरार किमान नऊ वर्षांचा असतो. नूतनीकरण नाकारणाऱ्या मालकाला सहसा भरपाई द्यावी लागते. दुकानदाराने जमवलेलं गिऱ्हाईक ही त्याची मालमत्ता आहे, असं तिथला कायदा धरून चालतो.

हे तत्त्व नसेल तर काय होतं, ते सोलने फार मोठी किंमत देऊन पाहिलं. तिथे दुकानात नव्याने येणारा भाडेकरू आधीच्या भाडेकरूला जमलेल्या धंद्यापोटी मोठी रक्कम देतो, आणि स्वतः जाताना पुढच्याकडून ती वसूल करतो. पुनर्विकासात इमारत पाडली की ही साखळी तुटते आणि शेवटच्या माणसाची आयुष्यभराची पुंजी बुडते. योंगसान भागात २० जानेवारी २००९ रोजी अशाच भाडेकरूंच्या आंदोलनावर पोलिसांनी कारवाई केली. आग लागली आणि पाच आंदोलक व एक पोलीस असे सहा जण गेले. त्यानंतर पुनर्विकासात धंदा बंद पडल्याची भरपाई तीन महिन्यांवरून चार महिन्यांवर आली. नवा भाडेकरू जुन्याला देतो त्या रकमेला २०१५ मध्ये भाडेकायद्यात संरक्षण मिळालं आणि २०१८ मध्ये कराराच्या नूतनीकरणाचा हक्क पाच वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत वाढला. सहा माणसं गेल्यावर हे बदल झाले, याचं मला आजही फार वाईट वाटतं. कारण पुनर्विकासाच्या कागदांत जमीनमालक दिसतो, घरमालक दिसतो, विकासक दिसतो. भाड्याने दुकान चालवणारा दिसतच नाही. योंगसानमध्येही सुरुवात तिथूनच झाली.

सॅन फ्रान्सिस्कोत अकरा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळीला वस्तीतल्या बाजारपेठांमध्ये दुकान काढायला खास परवानगी घ्यावी लागते, जाहीर सुनावणी होते. याने साखळ्या आटोक्यात राहतात, पण भाडं खाली येत नाही. एवढ्यावर समाधान मानू नये.

स्टेशनाच्या रचनेबद्दलही दोन शब्द. जिना कुठे उघडतो, यावर पुढची पन्नास वर्षं कोणत्या फुटपाथवर माणसं चालतील ते ठरतं. जिना रस्त्यावर, जुन्या बाजाराच्या तोंडाशी उघडला तर बाजार जगतो. तो मॉलच्या तळघरात उघडला तर प्रवासी फलाटावरून लिफ्टने थेट घरी जातो आणि मधला बाजार त्याला दिसतही नाही. हाँगकाँगची मेट्रो कंपनी रेल्वे येण्याआधीच्या दराने जमिनीचे हक्क घेते आणि स्टेशनावर मॉल आणि इमारती बांधून बांधकामाचा खर्च काढते. आर्थिकदृष्ट्या हे मॉडेल भक्कम आहे. पण काउलून स्टेशनाच्या वरचा प्रकल्प जाऊन पाहा. आतून सगळं जोडलेलं आहे. बाहेरच्या रस्त्यावरून चालत आत शिरायचं म्हटलं तर वाट शोधावी लागते. वाहतूक कंपन्यांना दुकानांची किंमत पहिल्यापासून कळते. जपानच्या हांक्यू रेल्वेने १९२९ मध्येच ओसाकातल्या उमेदा स्टेशनावर स्वतःचं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं होतं. म्हणून स्टेशनाच्या आत किती दुकानं असतील आणि तिथे काय विकलं जाईल, हा प्रश्न बाहेरच्या दुकानदारांनी आधीच विचारायला हवा.

स्टेशन सार्वजनिक संस्थेच्या जमिनीवर असेल तर एक मोठा आधार हातात असतो. लंडनमध्ये सेव्हन सिस्टर्स स्टेशनाच्या वरचा, मुख्यतः लॅटिन अमेरिकन व्यापाऱ्यांचा बाजार पाडून तिथे इमारती बांधायचा बेत होता. व्यापाऱ्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ लढा दिला, स्वतःचा पर्यायी आराखडा तयार करून मांडला आणि २०२१ मध्ये विकासकाने माघार घेतली. नुसता विरोध न करता त्यांनी खर्चासकट स्वतःचा नकाशा पुढे केला, हे त्यातलं घेण्यासारखं आहे. त्याच शहरात एलिफंट अँड कासल इथलं शॉपिंग सेंटर मात्र २०२० मध्ये बंद झालं, पुढे पाडलं गेलं आणि तिथले व्यापारी विखुरले.

पार्किंगवर दुकानदारांनी आपली सगळी ताकद खर्च करू नये, असं मी कळकळीने सांगते. ब्रिस्टलमध्ये २००६ च्या पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्षात ते २२ टक्के निघालं. गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुर करणारा माणूस दुकानदाराच्या लक्षात राहतो, चालत येऊन निमूट सामान घेऊन जाणारा राहत नाही. पार्किंगचा उतार तुमच्याच दर्शनी बाजूतून सात मीटर खातो, हेही विसरू नका. त्याऐवजी बसथांबा मागा, स्टेशनच्या जिन्यापासून दोन मिनिटांत पोचता येईल असा.

तर सुनावणीत काय मागायचं? आजच्या सर्व दुकानांची यादी आराखड्याला जोडलेली असावी, पोटभाडेकरूंसकट, धंद्याचा प्रकार आणि क्षेत्रफळासह. तळमजल्याचा नकाशा बारकावे दिसतील अशा मोठ्या आकारात जाहीर व्हावा आणि त्यात दर्शनी बाजूचे किती मीटर दुकानांना, किती इतर गोष्टींना, हे लिहिलेलं असावं. दुकानांची कमाल रुंदी ठरावी आणि ठरावीक संख्येने लहान गाळे असावेत. परतणाऱ्या दुकानदाराचं सुरुवातीचं भाडं जुन्या भाड्याला धरून ठरावं आणि वाढीचं सूत्र करारात यावं. काही गाळे महापालिकेच्या किंवा व्यापाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे व्हावेत. सगळ्या मागण्यांत एकच पदरात पडणार असेल तर मी ही निवडेन, कारण मालकी हातात असली की बाकीचं नंतरही दुरुस्त करता येतं. आणि काम टप्प्याटप्प्याने व्हावं: आधी एका बाजूची इमारत उभी राहावी, तिथे दुकानं हलावीत, मग दुसरी बाजू पाडावी. एकाच वेळी सगळा रस्ता पाडला की गिऱ्हाइकाची सवय मोडते, आणि मोडलेली सवय परत लावायला कोणताही निधी पुरत नाही.

सुनावणीची वाट न पाहता एक काम या आठवड्यातच सुरू करा. कामाचा एक दिवस आणि सुटीचा एक दिवस निवडून दर तासाला दोन्ही फुटपाथवरून किती माणसं जातात ते मोजा. दुकानात आलेल्यांना कुठून आणि कसे आलात ते विचारा. प्रत्येक दुकानाचा तारखेसह फोटो काढा, महिन्याची विक्री वहीत लिहा, भाड्याची पावती किंवा बँकेतली नोंद जपून ठेवा. ज्यांचा करार तोंडी आहे त्यांनी मालकाकडून साधं पत्र तरी लिहून घ्यावं. पहिला खड्डा पडल्यावर केलेली मोजणी भरपाईच्या अर्जात उपयोगाची नाही, कारण तोवर वर्दळ घटलेली असते आणि समोरची बाजू तोच आकडा तुमचा नेहमीचा धंदा म्हणून धरते.